मुंगीच्या चालीला कोणती मोटर?

पुण्याच्या टेकड्यांवर फिरणाऱ्याला काळा खडक नवा नाही. वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या कडेला, तळजाईच्या पठारावर, हनुमान टेकडीच्या उतारावर, जिथे मातीचा थर झिजला आहे तिथे तो उघडा पडलेला दिसतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा बेसॉल्ट. कुठे घोटीव, कुठे थिजलेल्या बुडबुड्यांच्या जाळीचा. त्यातली चार बोटं उंचीची पायरी आपल्या लक्षातही येत नाही. एक-चोविसांश मापाच्या रिमोट गाडीला मात्र ती चढायला अर्धा मिनिट लागतो, आणि तोच या छंदाचा सगळा आनंद आहे. अशा गाडीला क्रॉलर म्हणतात, आणि क्रॉलर शर्यतीसाठी नसतो. चाक दगडावर टेकवायचं, टायरला पकड मिळेपर्यंत थांबायचं, मग केसभर पुढे. वेगाची हौस असलेल्याने दुसरी गाडी घ्यावी.

या छोट्या गाड्या घेणारे लवकरच एका प्रश्नापाशी येतात: कंपनीने दिलेली ब्रशवाली मोटर ठेवायची की ब्रशलेस घालायची? घालायची तर कोणती, किती केव्हीची, कुठल्या ईएससीबरोबर? ईएससी म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर. दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं हुशार आहेत, म्हणून हा वाद मला मोलाचा वाटतो. त्या दोन बाजू मी इथे एका मामांच्या आणि त्यांच्या भाचीच्या तोंडी घातल्या आहेत. माणसं कल्पित, मुद्दे खरे. मामांचं आयुष्य टेपरेकॉर्डर आणि व्हीसीआर दुरुस्त करण्यात गेलं. भाची अभियांत्रिकीला आहे आणि कॉलेजच्या रोबोटिक्सच्या गटात मोटरी चालवते. गाडी ॲक्सिअलची एससीएक्स२४.

भाची : मामा, गाडीची मोटर बदलायची म्हणतेय. ब्रशलेस घालते.

मामा : आहे ती जळली का?

भाची : जळली नाही. पण कंपनीची मोटर ०३० मापाची, ८८ वेढ्यांची. पितळी वजनं लावल्यापासून चढावर रडते. आणि सपाटीवर आली की वेगच नाही. एका खडकावरून दुसऱ्यावर न्यायची तर मी शेजारी उभी राहून कंटाळते.

मामा : वेढे ८८ म्हणजे तार बारीक असणार. करंट कमी ओढायचा, फेरे कमी, तापायचं कमी. गाडी बनवणाऱ्याने विचार करूनच दिलीय ती. तुला चढावर जोर हवा, सपाटीवर वेग हवा, आणि दगडावर मुंगीची चाल हवी. तिन्ही एकदम मागतेस.

भाची : ब्रशलेसला तिन्ही जमतं. कार्यक्षमता जास्त, ब्रश झिजत नाहीत, तेवढ्याच वजनात ताकद जास्त. बॅटरी ३५० एमएएचची आहे, तीही जास्त वेळ पुरेल.

मामा : मला ताकदीचं नको सांगूस. मला एवढंच सांग, मोटर जवळजवळ थांबलेली असताना तुझ्या ईएससीला रोटर कुठे आहे ते कसं कळतं?

मामांनी पहिल्याच दमात नेमक्या जागी बोट ठेवलं. मोटर निवडणारे बहुतेक जण केव्हीचा आकडा आणि अँपिअर बघतात. क्रॉलरसाठी खरा प्रश्न मात्र हाच आहे.

मामा : ब्रशला लोक उगाच नावं ठेवतात. झिजणारा कोळसा आहे, ठिणग्या पाडतो, सगळं कबूल. पण तो कम्युटेटरच्या ज्या पट्टीवर टेकलेला असतो त्याच वेढ्यांत करंट जातो. रोटर कुठल्या कोनात आहे ते विचारावंच लागत नाही. मोटर मिनिटाला २० हजार फेरे मारो, एक मारो, नाहीतर अडकून उभी राहो, जोर पहिल्या क्षणापासून योग्य दिशेला मिळतो. ब्रशलेसमध्ये ते काम तू इलेक्ट्रॉनिक्सवर टाकलंस. आता इलेक्ट्रॉनिक्सला डोळे हवेत.

भाची : डोळे आहेत ना. तीन फेजपैकी दोनांत करंट असतो तेव्हा तिसरी मोकळी असते. रोटर फिरताना त्या मोकळ्या फेजवर बॅक ईएमएफ, म्हणजे मोटरचा स्वतःचा उलटा व्होल्टेज, तयार होतो, तो शून्यातून कधी जातो ते ईएससी बघतो आणि पुढची फेज लावतो.

मामा : फिरताना. आणि न फिरताना?

भाची : न फिरताना… काही नाही.

मामा : किती फिरल्यावर काहीतरी? आकडा काढ.

आकडा काढण्यासारखाच आहे. या मापाच्या गाड्यांसाठी फ्युरिटेक कंपनीची कोमोडो १२१२ ही मोटर लोकप्रिय आहे. स्टेटरचा व्यास १२ मिलिमीटर, उंची १२ मिलिमीटर, ३४५० केव्ही. केव्ही म्हणजे भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे. टू-एस लिपो बॅटरीचे ७.४ व्होल्ट धरले तर कमाल फेरे साडेपंचवीस हजारांच्या आसपास. टायरचा व्यास ५४ मिलिमीटर आणि मोटरपासून चाकापर्यंतचं एकूण गुणोत्तर ६० धरू. पूर्ण थ्रॉटलला चाक मिनिटाला सव्वाचारशे फेरे फिरेल, म्हणजे गाडी ताशी ४.३ किलोमीटरने, माणूस चालतो तेवढ्या वेगाने जाईल. भाचीला सपाटीवर हवा होता तो वेग मिळाला. आता दगडावर सेकंदाला २ सेंटिमीटर सरकायचं आहे. चाकाचे मिनिटाला ७ फेरे, मोटरचे सुमारे ४२५. चारशे पंचवीस भागिले ३४५०, म्हणजे बॅक ईएमएफ फक्त ०.१२ व्होल्ट.

भाची : पाव व्होल्टसुद्धा नाही.

मामा : आणि शेजारी सात व्होल्टांचं पीडब्ल्यूएम सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतंय. त्या गोंगाटात हे ०.१२ ऐकू कसं येणार? म्हणून तुझा साधा ईएससी सुरुवातीला अंदाजाने फेजा लावतो. रोटर मागे लागला तर ठीक, नाहीतर थरथरतो, अडखळतो, मग एकदम सुटतो. सपाटीवर चालून जाईल. कपारीच्या तोंडाशी चाक अडकलेलं असताना गाडी अशी एकदम सुटली तर उताणी.

भाची : त्याला कॉगिंग म्हणतात.

मामा : नाव काहीही दे. मी व्हीसीआर उघडायचो तेव्हा त्यात ब्रशलेस मोटरीच असायच्या. हेडचा ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरायचा, आणि कॅपस्टन टेप ओढायचा. व्हीएचएसची टेप किती वेगाने सरकते माहितेय? सेकंदाला २.३ सेंटिमीटर.

भाची : म्हणजे माझ्या गाडीएवढ्याच वेगाने!

मामा : तेवढ्याच. आणि ती जरा जरी थरथरली असती तर आवाज डुलला असता, चित्र फाटलं असतं. जमवलं कसं? मोटरच्या सर्किटवर तीन हॉल सेन्सर. रोटरचं चुंबक कुठे आहे ते थांबलेल्या अवस्थेतही कळायचं. मी ब्रशलेसच्या विरोधात नाही गं. आंधळ्या ब्रशलेसच्या विरोधात आहे. संथ कामाला सेन्सर हवा, हे लोकांना चाळीस वर्षांपूर्वी समजलेलं होतं.

मामांचा हा युक्तिवाद मला फार महत्त्वाचा वाटतो. ब्रशलेस म्हणजे नवं आणि ब्रश म्हणजे जुनं, अशी सरळ वाटणी छंदाच्या दुनियेत सर्रास केली जाते. प्रत्यक्षात पुण्यातल्या कित्येक मध्यमवर्गीय घरांत टीव्हीखालच्या व्हीसीआरमध्ये ब्रशलेस मोटर वर्षानुवर्षं मुंगीच्या चालीने फिरत होती. आज ती छताच्या पंख्यात आणि बजाजच्या इलेक्ट्रिक चेतकमध्ये आली आहे. पंख्याला मागेपुढे डुलत सुरू व्हायची मुभा असते. कात्रजच्या चढावर सिग्नलला थांबलेल्या स्कूटरला नसते, म्हणून तिथे रोटरच्या जागेचा पक्का ठावठिकाणा घ्यावा लागतो. क्रॉलर या बाबतीत स्कूटरचा भाऊ आहे.

भाची : सेन्सरवाली मोटर घेतली असती मामा. एक-दशांश क्रॉलरसाठी मिळतात, वेगळी सहा तारांची सेन्सर केबल असते. पण १२ मिलिमीटरच्या स्टेटरमध्ये तीन सेन्सर, त्यांच्या तारा आणि कनेक्टर बसवायचे कुठे? माझ्या गाडीच्या चॅसीच्या दोन पट्ट्यांमध्ये बोटसुद्धा नीट जात नाही.

मामा : मग ब्रश बरा.

भाची : थांबा. सेन्सर न लावता रोटर बघायचा दुसरा रस्ता आहे. एफओसी.

मामा : ते काय?

भाची : साधा ईएससी फेजा सहा पायऱ्यांत बदलतो. प्रत्येक पायरीला जोर कमीजास्त होतो, संथ वेगात तो धक्का जाणवतो. एफओसीत तिन्ही फेजांतला करंट सतत मोजतात आणि असा ठेवतात की स्टेटरचं चुंबकीय क्षेत्र रोटरच्या नेहमी काटकोनात राहील. पायऱ्या नाहीत, सलग वळण. तीन करंट आणि मोटरचा अवरोध, इंडक्टन्स माहीत असला की रोटरच्या जागेचा हिशेब साध्या पद्धतीपेक्षा खूप खालच्या वेगापर्यंत लागतो.

मामा : खालच्या म्हणजे शून्यापर्यंत?

भाची : नुसत्या हिशेबाने शून्यापर्यंत नाही. पण आमच्या रोबोटवर व्हीईएससी नावाचा खुल्या आराखड्याचा कंट्रोलर आहे, बेंजामिन वेडर या स्वीडनच्या अभियंत्याने सुरू केलेला. त्यात आणखी एक युक्ती आहे. मोटरमध्ये जास्त वारंवारतेचा छोटा व्होल्टेज सोडायचा आणि करंट कसा उत्तर देतो ते बघायचं. रोटरचं चुंबक ज्या बाजूला असेल त्या बाजूचं लोखंड अधिक संपृक्त, म्हणून इंडक्टन्स किंचित वेगळा. तेवढ्या फरकावरून उभ्या रोटरची जागा कळते.

मामा : प्रत्येक मोटरमध्ये तो फरक असतो?

भाची : नसतो. काहींत इतका कमी की वाचता येत नाही.

मामा : म्हणजे मोटर आणि ईएससी यांची पत्रिका जुळवावी लागणार.

भाची : हो, म्हणूनच एकाच कंपनीचा जोड घ्यायचा म्हणतेय. फ्युरिटेकच्या लिझार्ड मालिकेतल्या वरच्या ईएससीत एफओसी आहे, आणि त्यांच्याच मोटरींसाठी तो आधीच जुळवलेला असतो. एकीकडून स्वस्त मोटर आणि दुसरीकडून स्वस्त ईएससी आणला तर तुम्ही म्हणता तेच होईल, थरथर.

इथे मला माझं मत सांगायलाच हवं. मायक्रो क्रॉलरमध्ये ब्रशलेस घेणाऱ्याने पैशांचा मोठा वाटा ईएससीवर घालावा. मोटरवर पैसे घालून ईएससीत काटकसर केली तर हाती जे येतं ते कंपनीच्या ८८ वेढ्यांपेक्षा वाईट असतं. ताकद ही इथे अडचणच नाही, आणि हेही आकड्यांत दिसतं. गाडीचं वजन पितळासह ४०० ग्रॅम, चढ ४५ अंशांचा. तिला वर ओढायला २.८ न्यूटन जोर हवा. टायरच्या त्रिज्येने गुणलं, ६० ने भागलं आणि गिअरांत ४० टक्के जोर वाया जातो असं धरलं, तरी मोटरला सुमारे २.१ मिलिन्यूटन-मीटर टॉर्क द्यावा लागतो. तीन हजार चारशे पन्नास केव्हीची मोटर दर अँपिअरमागे २.८ मिलिन्यूटन-मीटर देते. म्हणजे ४५ अंशांच्या चढाला पाऊण अँपिअर. अडकलेलं चाक सोडवायला त्याच्या दोन-तीन पट लागले तरी १० अँपिअरचा ईएससी पुरून उरतो. जाहिरातीतले मोठमोठे अँपिअर इथे कामाचे नाहीत. शून्याजवळचं वागणं बघायचं.

मामा : केव्ही कमी घे ना मग. बॅक ईएमएफ वाढेल. सतराशेची घेतलीस तर तुझे ०.१२ चे ०.२५ होतील.

भाची : आणि टॉर्क दुप्पट.

मामा : दर अँपिअरमागे दुप्पट. त्यात फसू नकोस. एकाच स्टेटरवर केव्ही निम्मी करायची तर वेढे दुप्पट घालावे लागतात. जागा तेवढीच, मग तार निम्म्या छेदाची. वेढे दुप्पट आणि तार बारीक म्हणजे अवरोध चौपट. निम्म्या करंटचा वर्ग पाव, गुणिले चौपट, उष्णता तीच! तांबं किती आणि चुंबक किती, यावर मोटरची खरी ताकद ठरते. वेढ्यांनी फक्त व्होल्ट आणि अँपिअरची वाटणी बदलते.

भाची : मग केव्ही कशावरून ठरवायची?

मामा : सपाटीवर किती पळायचंय त्यावरून, आणि ईएससीला किती करंट झेपतो त्यावरून. जोर हवा असेल तर स्टेटर मोठा घे नाहीतर पिनियन, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचा गिअर, छोटा घाल. पिनियन सर्वांत स्वस्त. दोन दात कमी केलेस की संथ चालीत मोटर जास्त फिरते, तुझ्या ईएससीला जास्त ऐकू येतं, आणि उष्णताही उतरते. वेग जाईल, तो जाऊ दे.

भाची : वेग मला थोडा हवाय.

मामा : म्हणून तर ३४५० ला मी नाही म्हणत नाहीये. चालण्याएवढा वेग तुला मिळतोय. त्याहून वर जायचं कारण मला दिसत नाही.

पुढचा विषय खास आपल्या जमिनीचा आहे. परदेशी माहितीत तो मला कुठे सापडला नाही.

मामांनी जुन्या स्पीकरचं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि टेकडीवरच्या सुक्या मुरमातून फिरवलं. पिशवीला बारीक काळ्या कणांची दाढी उगवली. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट असतं. खडक झिजून मुरूम झाला तरी हे कण शाबूत राहतात आणि चुंबकाला चिकटतात. पुण्यात कुठेही करून बघता येईल असा हा प्रयोग आहे. शाळेतल्या मुलांकडून तर जरूर करून घ्यावा.

मामा : तुझी मोटर आउटरनर. बाहेरचा डबा फिरतो, आत चुंबकं, आणि चुंबक व स्टेटर यांच्यामधली फट कागदाच्या दोन-चार घड्यांएवढी. टोकाला हवेसाठी खिडक्या. हे कण आत गेले की बाहेर कसे काढशील? फुंकून निघणार नाहीत, चुंबकाने धरून ठेवलेत.

भाची : आउटरनर घ्यायचं कारण आहे. चुंबकं बाहेरच्या परिघावर असल्याने त्रिज्या मोठी, ध्रुवांच्या जोड्या जास्त, त्याच आकारात टॉर्क इनरनरपेक्षा जास्त. क्रॉलरला तेच हवं.

मामा : कारण बरोबर आहे. जागा बरोबर आहे का, ते बघ. गाडीत मोटर पोटाशी, जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर. पुढची चाकं उडवतात ती माती थेट तिथे. कंपनीच्या ब्रशवाल्या मोटरचा डबा तरी स्थिर आणि बराचसा बंद आहे.

भाची : आच्छादन करीन. पातळ प्लॅस्टिकची वाटी, फिरणाऱ्या डब्याला न लागणारी, पुढून बंद. मोठ्या क्रॉलरसाठी तर स्थिर डब्यातच बसवलेले आउटरनर मिळतात.

मामा : मग हवा कोंडेल. मे महिन्यात दुपारी खडकाला हात लावता येत नाही. साध्या प्रतीची निओडिमियम चुंबकं ८० अंशांच्या वर कायमची कमजोर होऊ लागतात.

भाची : दुपारी मी तरी कुठे जाणारे टेकडीवर! आणि पाऊण अँपिअरवर ही मोटर तापणार किती? हिशेब आत्ताच केला की आपण.

मामा : हा मुद्दा दिला तुला. आच्छादन कर, आणि टेकडीवरून आल्यावर डबा काढून चिकटपट्टीने चुंबकं टिपून घे. कण चिकटपट्टीला येतात. तेल मात्र सोडू नकोस, त्याने कण जमून लगदा होतो.

पावसाळ्याचा हिशेब वेगळा. ओल्या, शेवाळलेल्या खडकावर ब्रशलेसचा फायदा उघड आहे, कारण पाण्याने ब्रश लवकर संपतात आणि कम्युटेटर काळवंडतो. ब्रशलेसला जपायचं ते बेअरिंगपुरतं. पण त्या दिवसांत टेकडीवर पायवाट सोडून गाडी नेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. नुकतं रुजलेलं गवत चाकांनी नाही मोडलं तरी मागे फिरणाऱ्या पायांनी मोडतं. उघडा खडक भरपूर आहे.

ब्रेकबद्दल दोघांचं फार बोलणं झालं नाही, तरी तो विषय सोडता येत नाही. थ्रॉटल सोडल्यावर गाडी उतारावर जिथल्या तिथे थांबली पाहिजे. ड्रॅग ब्रेक म्हणजे मोटरच्या फेजा आपसांत जोडणं. त्याने फिरणाऱ्या रोटरला विरोध होतो, उभ्याला होत नाही. म्हणून तीव्र उतारावर गाडी हळूहळू निसटते. ब्रशवाल्या मोटरमध्ये ब्रशचं घर्षण फुकटची मदत करतं आणि छोट्या गाड्या बहुतेक जागीच राहतात. ब्रशलेसमध्ये ही मदत नाही. चांगला एफओसी ईएससी उलट करंट सोडून गाडी धरून ठेवू शकतो, त्याची किंमत थोड्या बॅटरीत मोजायची. विकत घेताना हे मुद्दाम विचारावं.

मामा : बरं, खर्चाचं सांग. मोटर आणि ईएससी एवढंच?

भाची : नाही ना. तिथेच गंमत आहे. माझ्या गाडीत रिसीव्हर आणि ईएससी एकाच पट्टीवर आहेत. ईएससी काढला की रिसीव्हरही जातो, मग नवा रिसीव्हर, आणि त्याला चालणारा रिमोट. शिवाय सुरुवातीच्या काही गाड्यांसारखा माझा चाकं वळवणारा सर्व्हो पाच तारांचा आहे. त्याचा मेंदू त्या पट्टीवरच होता. तो नव्या रिसीव्हरला चालणार नाही, म्हणजे नवा सर्व्हो.

मामा : मोटर बदलता बदलता गाडी बदलली.

भाची : थोडा मोठा प्रकार घेतला असता तर सोपं गेलं असतं. ट्रॅक्ससची टीआरएक्स-४एम एक-अठरांश आहे, तिच्यात १८० मापाची ८७ वेढ्यांची मोटर असते. जागा जास्त, पर्याय जास्त.

मामा : आणि सर्व्होला व्होल्ट कोण देतं?

भाची : ईएससीतलंच बीईसी, रिसीव्हर आणि सर्व्होला ठरावीक व्होल्ट देणारं सर्किट.

मामा : मग दोन दगडांमध्ये चाक अडकलं आणि सर्व्होने करंट ओढला की व्होल्ट पडतील, रिसीव्हर बंद होईल आणि तुला वाटेल मोटर खराब. बीईसी किती अँपिअरचं आहे ते आधी वाच. लोक मोटरचे अँपिअर वाचतात आणि हे वाचत नाहीत.

या वादाची कोंडी एका तांत्रिक सोयीने फुटते, आणि ती ठाऊक नसल्यामुळे अनेकांचे पैसे दोनदा जातात. लिझार्डसारखे काही ईएससी ब्रशवाली आणि ब्रशलेस, दोन्ही मोटरी चालवतात; फोनवरून फक्त प्रकार बदलायचा. ब्रशवाल्या मोटरला दोन तारा पुरतात, तिसरी मोकळी. म्हणजे आधी ईएससी, रिसीव्हर आणि सर्व्हो बसवून जुन्याच ८८ वेढ्यांवर गाडी चालवता येते. कंपनीच्या एकत्रित पट्टीपेक्षा थ्रॉटल कितीतरी बारीक मिळतो आणि कित्येकांचं समाधान तिथेच होतं. मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हाच क्रम सांगतो.

मामा : हे पटलं. आधी डोकं बदल, मग स्नायू. जुन्या मोटरवर चालव. नाहीच भागलं तर कोमोडो.

भाची : तुम्हाला वाटतं भागेल?

मामा : तुझं नाही भागणार, तुला सपाटीवर वेग हवाय. माझं भागलं असतं. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी टेपरेकॉर्डरच्या मोटरी अजून मिळतात, त्यातली एखादी मी बसवून बघितली असती. एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. ब्रश झिजला तर मी तो बघू शकतो, बोटाने चाचपू शकतो. तुझा ईएससी बिघडला तर तू काय बघणार? तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत त्याचा सुटा भाग मिळणार नाही.

भाची : नाही मिळणार. बाहेरून मागवावा लागेल आणि तोवर गाडी बंद. म्हणून जुनी पट्टी आणि जुनी मोटर जपून ठेवणार आहे.

मामा : बरोबर. आणि तुलना करशील ती प्रामाणिकपणे कर. दगड तोच, टायर तेच, बॅटरी पूर्ण भरलेली, आणि वरचा वेग दोन्ही वेळा सारखा येईल असा पिनियन. नाहीतर ब्रशलेसला छोटा पिनियन घालशील आणि म्हणशील, बघा किती संथ चालते.

भाची : सेकंदाला २ सेंटिमीटर, अर्धा मीटरभर खडक, पंचवीस सेकंद. मध्ये थांबवून पुन्हा सोडायची, चढावर आणि उतारावर. किती वेळा धक्का बसतो ते मोजते.

मामा : व्हिडिओ काढ. हाताला जाणवत नाही ते सावकाश चालवलेल्या व्हिडिओत दिसतं. आणि पिनियन मागवायच्या आधी मोटरचा शाफ्ट मोज. जुन्याचा व्यास वेगळा, नव्याचा वेगळा असतो, आणि दात स्पर गिअरशी जुळायला हवेत ते निराळंच.

भाची : व्हर्निअर आहे तुमच्याकडे?

मामा : कपाटात डावीकडे. शून्य बघून घे आधी, तो थोडा पुढे दाखवतो.